कलावंताचें बिऱ्हाड

आमच्याकडे संगीताचा इतिहास लिहिणारे बहुधा रागांचा, घराण्यांचा व गुरुशिष्यांच्या वंशावळींचा इतिहास लिहितात. अमुक बुवा तमुक खांसाहेबांपाशीं बारा वर्षें शिकले, असें एक वाक्य टाकून चरित्रकार पुढें जातो. त्या बारा वर्षांत ते बुवा झोपत कोठें होते, जेवत कोणाकडे होते, आजारी पडल्यावर औषधाचे पैसे कोणीं दिले, आणि या सर्वांचा मोबदला म्हणून त्यांजकडून काय घेतलें गेलें, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. असले प्रश्न विचारणें जरा ग्राम्य वाटतें, हें खरें. परंतु आम्हांस अलीकडे असें वाटूं लागलें आहे कीं, कोणाच्या गळ्यांतून गाणें बाहेर यावें व कोणाच्या गळ्यांत तें विरून जावें, याचा निर्णय पुष्कळदां रागाभ्यासाच्या आधींच, भाताच्या पातेल्यापाशीं होऊन गेलेला असतो.

हा विषय काढण्यास निमित्त आहे. हल्लीं कलाक्षेत्रांत ‘रेसिडेन्सी’ हा शब्द फार ऐकूं येतो. एखादी संस्था उदयोन्मुख गायकांस, नर्तकांस वा नटांस कांहीं आठवडे राहावयास खोली, दोन वेळचें जेवण व थोडेंसें मानधन देते. त्यांनीं तेथें राहून आपलें काम करावें, एवढीच अपेक्षा. ज्या समाजांस आजवर रंगमंचावर मानाची जागा मिळाली नाहीं, त्यांतील कलावंतांसाठीं मुद्दाम राखून ठेवलेल्या योजनाही निघाल्या आहेत. ही कल्पना अमेरिकेंतून आली असें सांगण्यांत येतें, व नांवापुरतें तें खरेंही आहे. न्यू हॅम्पशायर प्रांतांतील पीटरबरो येथें संगीतकार एडवर्ड मॅकडॉवेल व त्यांच्या पत्नी मेरियन यांच्या शेतावर १९०७ सालीं अशी एक वसाहत सुरू झाली. रानांत विखुरलेल्या छोट्या छोट्या घरांतून कलावंत काम करीत बसत, आणि त्यांची तंद्री मोडूं नये म्हणून दुपारचें जेवण टोपलींत घालून दाराशीं ठेवण्याची प्रथा तेथें पडली. ही टोपली आम्हांस फार आवडते. पण तिच्या सहा वर्षें आधीं लाहोर शहरांत एका मराठी गवयानें याहून पुष्कळ अवघड प्रयोग आरंभिला होता, याची आठवण आपल्या लोकांत फारशी उरलेली नाहीं.

लाहोरास जाण्यापूर्वीं जुनी व्यवस्था काय होती तें पाहिलें पाहिजे. गुरुगृहीं राहून विद्या मिळवावयाची म्हणजे ती फुकट मिळवावयाची, अशी आपली एक गोड समजूत आहे. वस्तुतः फुकट असें कांहींच नव्हतें. पैशांऐवजीं पाणी भरणें, बाजार आणणें, अंग चेपणें, मुलें सांभाळणें या नाण्यांत फी द्यावी लागे, आणि ती कधीं फिटली असें ठरविण्याचा अधिकार सर्वस्वीं एका बाजूस असे. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रांत आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (जन्म १८४९) यांस विद्येसाठीं मुलुखाबाहेर जावें लागलें, तेव्हां कोठें वासुदेवबुवा जोशी यांच्यासारखा गुरु लाभला. पुढें १९३३ सालीं अकरा वर्षांचे भीमसेन जोशी तिकिटावांचून आगगाडींत बसून गदगेहून निघाले, ग्वाल्हेरपर्यंत भटकून आले, आणि अखेर कुंदगोळास सवाई गंधर्वांच्या दारीं स्थिरावले. तेथें त्यांच्याही वांट्यास घरचें पाणी भरणें आलेंच. या कथा आपण कौतुकानें सांगतों, व त्यांत कौतुकासारखें पुष्कळ आहे. परंतु या सर्व मुलग्यांच्या कथा आहेत, हें सांगतांना आपल्या ध्यानांत येत नाहीं. अकरा वर्षांची एखादी मुलगी गुरूच्या शोधार्थ अशी एकटी गाडींत बसली असती, तर तिची कथा कोठें जाऊन संपली असती याचा विचार वाचकांनींच करावा.

विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म १८७२ सालीं कुरुंदवाडास झाला. लहानपणीं दारूकामाच्या अपघातांत त्यांच्या डोळ्यांस इजा झाली व शाळेचें शिक्षण खुंटलें. मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयानें ते बाळकृष्णबुवांपाशीं गाणें शिकले. म्हणजे आश्रय ही काय वस्तु आहे हें त्यांस ठाऊक होतें, आणि आश्रित असणें म्हणजे काय हेंही ठाऊक होतें. मिरजेंतील एका समारंभास दरबारच्या मर्जींतील म्हणून शिष्यास बोलावणें आलें, पण गुरूस आलें नाहीं, कारण गुरु पडले पेशानें गवई. हा अपमान मनास लागून विष्णुबुवा १८९६ सालीं मिरजेबाहेर पडले, असें सांगतात. पुढें बडोदें, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा असा प्रवास करीत ते पंजाबांत पोंचले, आणि ५ मे १९०१ रोजीं लाहोरास त्यांनीं गांधर्व महाविद्यालय उघडलें. त्यापूर्वींही सरकारी वा संस्थानी संगीतशाळा होत्या. बडोद्यास मौलाबक्षांची शाळा १८८६ पासून चालू होती. परंतु लाहोरची संस्था कोणा एका राजाच्या खजिन्यावर उभी नव्हती. लोकांची वर्गणी व बुवांच्या स्वतःच्या जलशांचें उत्पन्न हाच तिचा आधार.

या महाविद्यालयांत फी देऊन शिकणारे विद्यार्थी होतेच. पण त्याचें हृदय म्हणावें असा एक निराळा वर्ग होता, त्यास उपदेशक वर्ग म्हणत. गरीब घरांतील मुलांनीं संस्थेंत येऊन राहावें, तेथेंच जेवावें, तेथेंच झोपावें, फी एक पैही देऊं नये. मात्र नऊ वर्षें संस्था सोडून जाणार नाहीं असा करार लिहून द्यावा, व शिक्षण पुरें झाल्यावर उपदेशक म्हणून संगीताच्या प्रसारास लागावें, अशी ही योजना होती. नऊ वर्षें! दहाव्या वर्षीं आंत गेलेला मुलगा मिसरूड फुटून बाहेर यावयाचा. आजच्या सहा आठवड्यांच्या रेसिडेन्सीशीं याची तुलना केली म्हणजे हसूं येतें. या करारास कित्येकांनीं वेठबिगार म्हटलें तर आम्हांस नवल वाटणार नाहीं. परंतु आमचें मत थोडें निराळें आहे. आश्रयाची किंमत येथें प्रथमच कागदावर उतरली. गुरूची मर्जी मोजतां येत नाहीं. वर्षें मोजतां येतात. नऊ वर्षें संपल्यावर विद्यार्थी कोणाचा देणेकरी राहत नव्हता, निदान कायद्यानें तरी नव्हता. दरबारी गवयास हें सुख कधींच मिळालें नव्हतें.

या छपराखालीं काय घडलें याचें एकच उदाहरण पुरे आहे. खंभातजवळच्या जहाज नांवाच्या खेड्यांतील ओंकारनाथ ठाकूर (जन्म १८९७) यांचें बालपण अत्यंत दारिद्र्यांत गेलें. पोटासाठीं लहान वयांतच हलकीं कामें करावीं लागलीं. मुलाचा गळा ऐकून शेठ शापुरजी मंचेरजी डुंगाजी या पारशी गृहस्थांनीं त्यास मुंबईस विष्णुबुवांच्या विद्यालयांत धाडून दिलें. १९०८ पासून मुंबईसही विद्यालय सुरू झालेलें होतें. आणि १९१६ सालीं, वीस वर्षें पुरीं व्हावयाच्या आंत, बुवांनीं या मुलास लाहोरच्या विद्यालयाचें प्रमुख नेमलें. पुढें काशी हिंदु विश्वविद्यालयांतील संगीत महाविद्यालयाचे ते पहिले प्राचार्य झाले. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, शंकरराव व्यास, बी. आर. देवधर हे सर्व याच वृक्षाच्या फांद्या. महाराष्ट्रांतील सुशिक्षित कुटुंबांत पेटी-तंबोरा शिरला, मुलींनीं गाणें शिकणें हें लांच्छन न राहतां भूषण झालें, त्याचें पुष्कळसें श्रेय या नऊ नऊ वर्षें कोंडून घेतलेल्या मुलांकडे जातें.

पण छप्पर म्हटलें कीं त्यास खर्च आला. मुंबईस बुवांनीं विद्यालयासाठीं मोठी इमारत बांधली व त्यापायीं कर्ज केलें. मैफली करकरून तें फिटेना. १९२४ च्या सुमारास ती इमारत लिलावांत गेली. या प्रसंगाविषयीं लिहितांना चरित्रकार बुवांच्या वैराग्याकडे वळतात. आम्हांस त्या लिलावाकडेच जरा थांबून पाहावेंसें वाटतें. संस्थेचें दिवाळें गाण्यानें निघालें नाहीं, छपरानें निघालें. पन्नास मुलांस पोटाशीं धरून ठेवणें ही गोष्ट एका माणसाच्या गळ्याच्या कमाईवर चालत नसते, आणि वर्गणी देणारा समाज जलशास जितक्या उत्साहानें येतो तितक्या उत्साहानें डाळ-तांदळाचें बिल भरीत नाहीं. बुवा नाशिकास रामनाम आधार आश्रमांत जाऊन राहिले. तेथेंही कांहीं शिष्यांस त्यांनीं जवळ ठेवून घेतलें होतें. २१ ऑगस्ट १९३१ रोजीं मिरजेस त्यांचें देहावसान झालें. त्याच वर्षीं शिष्यांनीं अहमदाबादेस गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलें, व १९३२ त विनायकरावांनीं पुण्यास विद्यालय काढलें. मंडळाच्या परीक्षा आज देशभर चालतात. ‘विशारद’ ही पदवी घरोघर झाली आहे. बुवांच्या दोन गोष्टींपैकीं परीक्षा ही स्वस्त गोष्ट टिकली. निवास ही महाग गोष्ट होती, ती हळूहळू सुटत गेली.

आतां या चित्राची दुसरी बाजू सांगणें प्राप्त आहे. विष्णुबुवांची सारी धडपड गाण्यास प्रतिष्ठा मिळवून देण्याची होती. त्यांनीं प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांस शिकविण्याची सोय केली, आपल्या आप्तांतील स्त्रियांस तयार केलें. त्या काळीं हें मोठेंच धाडस होतें. परंतु प्रतिष्ठेच्या दारास उंबरठा असतोच. ज्या स्त्रियांनीं हें गाणें पिढ्यान्‌पिढ्या गळ्यांत सांभाळलें होतें, त्या गोव्याच्या, कर्नाटकाच्या, उत्तरेकडील कलावंतिणी या दारांतून आंत येणार नव्हत्या. किंबहुना त्यांच्यापासून गाणें सोडवून घ्यावयाचें, हाच या चळवळीचा एक न बोलून दाखविलेला हेतु होता. याचा दोष एकट्या बुवांवर टाकणें अन्यायाचें होईल. वर्गणी देणारा जो आमच्यासारखा मध्यमवर्ग, त्याची ती अट होती. ब्राह्मणाच्या पोरक्या मुलास दोन घांस घालणें हें पुण्य. कलावंतिणीच्या पोरक्या मुलीस घांस घालणें म्हणजे संशयास जागा.

अशा मुली मग राहत कोठें? त्यांना थोडाफार आसरा दिला तो नाटकमंडळ्यांनीं. मराठी नाटकमंडळीचें बिऱ्हाड ही एक विलक्षण संस्था होती. आज कोल्हापूर, उद्यां हुबळी, असें सामानासुमानासह हिंडणारें तें एक मोठें एकत्र कुटुंबच. त्यांत आचारी, पेटीवाला, तबलजी, तालीममास्तर, आणि वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षीं येऊन पडलेलीं मुलें. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर चौदाव्या वर्षीं किर्लोस्कर मंडळींत आले, ते अठराव्या वर्षीं स्वतःची बळवंत संगीत मंडळी काढण्याइतके तयार झाले. मुलींसाठीं मोठ्या मंडळ्यांत जागा नव्हती, कारण तेथें स्त्रीभूमिकाही पुरुषच करीत. कांहीं थोड्या स्त्रियांच्या मंडळ्या होत्या, त्यांवरच भिस्त.

मोगूबाई कुर्डीकरांची हकीकत या दृष्टीनें वाचण्यासारखी आहे. गोव्यांतील कुर्डी या गांवीं १९०४ सालीं त्यांचा जन्म झाला. (हें गांव पुढें साळावली धरणाच्या पाण्याखालीं गेलें, उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे त्याच्या भिंती व देवळें दिसूं लागतात.) आई जयश्रीबाईंची एकच इच्छा होती, कीं मुलीनें मोठी गायिका व्हावें. लहानग्या मोगूबाई प्रथम गोव्यांतील एका नाटकमंडळींत गेल्या. त्या दहा वर्षांच्या असतां आई वारली. मग सातारकर स्त्री संगीत मंडळींत कामें केलीं, तीही सुटली. पुढें प्रकृतीच्या कारणानें सांगलीस राहत असतां त्यांचा रियाज अल्लादियाखांसाहेबांच्या कानीं पडला, व त्यांनीं आपण होऊन शिकविण्यास आरंभ केला. १९२२ सालीं खांसाहेब मुंबईस गेले, आणि मोगूबाईही त्यांच्या मागोमाग मुंबईस आल्या. ही कथा सांगणारे खांसाहेबांच्या कानाचें कौतुक करतात, आणि तें योग्यच आहे. पण बिऱ्हाडाच्या दृष्टीनें पाहिलें तर काय दिसतें? गोवें, नाटकाचा मुक्काम, सांगली, मुंबई. प्रत्येक वेळीं छप्पर नवें, व प्रत्येक वेळीं तें स्वतःचें स्वतः मिळवावयाचें. खांसाहेबांचा रस्ता त्या दिवशीं दुसऱ्या गल्लींतून गेला असता तर? मोगूबाई व त्यांची कन्या किशोरी आमोणकर या दोघींचें गाणें आपल्याला एका गल्लीच्या वळणानें मिळालें, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. ज्या मुलींच्या खिडकीखालून कोणी खांसाहेब गेले नाहींत, त्यांचा इतिहास लिहितां येत नाहीं.

याच सुमारास महाराष्ट्रापासून दूर, आजच्या मध्यप्रदेशांतील मैहर या लहानशा संस्थानांत एक गोष्ट घडत होती. आमच्या मतें या सर्व इतिहासांत तिच्या तोडीची दुसरी गोष्ट नाहीं. पूर्वबंगालमधील शिबपूर गांवचे अल्लाउद्दीनखां लहानपणीं गाण्याच्या वेडानें घरांतून पळाले. कलकत्त्यास अन्नछत्रांत जेवून व उघड्यावर झोपून त्यांनीं शिक्षण मिळविलें. रामपुरास वजीरखांसारख्या बीनकाराच्या दारीं कित्येक दिवस तिष्ठत राहिले. म्हणजे बिऱ्हाडावांचून राहणें कसें असतें हें त्यांना पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें. अखेर मैहरचे राजे ब्रिजनाथसिंह यांचे गुरु म्हणून ते तेथें स्थायिक झाले. १९१८ सालीं इन्फ्लुएंझाची सांथ आली. हिंदुस्थानांत तिनें एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. मैहरच्या आसपासचीं कित्येक मुलें निराधार झालीं. अशा मुलांस गोळा करून, राजेसाहेबांच्या साह्यानें, बाबांनीं त्यांचा एक वाद्यवृंद बनविला. तोच मैहर बँड.

या मुलांची निवड कशी झाली, हा आमच्या विषयाचा गाभा आहे. त्यांचा गळा कोणीं ऐकला नाहीं, बोटें पाहिलीं नाहींत, कुळ विचारलें नाहीं. तीं उपाशी होतीं, एवढीच त्यांची पात्रता. आधीं छप्पर व अन्न, मग स्वर. बाबांनीं त्यांना सतार, सरोद, इसराज, व्हायोलिन, चेलो, हार्मोनियम, तबला अशीं नाना वाद्यें दिलीं. संस्थानांतील बंदुकांच्या नळ्या कापून त्यांचें नलतरंग नांवाचें एक नवेंच वाद्य तयार केलें. आपल्या रागांवर आधारलेल्या कितीतरी रचना या वृंदासाठीं बसविल्या. आपल्याकडे एकट्या कलावंताची मैफल हीच संगीताची परिसीमा मानतात. वीस जणांनीं मिळून, ठरविलेल्या जागीं, ठरविलेला स्वर वाजवावयाचा, ही शिस्त येथें कोणास ठाऊक होती? ती निराधार पोरांनीं करून दाखविली. तो बँड आजही मैहरास वाजतो.

मात्र आपण भाबडेपणा करूं नये. त्या मुलांपैकीं एकाचेंही नांव सामान्य श्रोत्याच्या ओठीं नाहीं. तीं वादक झालीं, त्यांना पगार मिळाला, त्यांचे संसार झाले; कीर्ति मिळाली ती बाबांच्या घरांत वाढलेल्यांस. पुत्र अली अकबर, १९३८ सालीं विलायतेंतील नाचगाण्याचें वैभव सोडून शेजारच्या खोलींत येऊन राहिलेले रविशंकर, नंतरच्या काळांत पन्नालाल घोष, निखिल बॅनर्जी. एकाच गांवांत दोन बिऱ्हाडें होतीं, एक बँडचें व एक घरचें, आणि दोहोंतील अंतर चार पावलांचें असलें तरी तें कोणी ओलांडलेलें दिसत नाहीं. शिवाय बाबांचा राग व मार यांच्या आठवणी त्यांच्या शिष्यांनींच सांगून ठेवल्या आहेत. घरांत घेणारा हात आणि मारणारा हात एकच असला म्हणजे मुलानें तक्रार कोणाकडे करावी? हा प्रश्न जुन्या गुरुकुलांस लागू होता, व आजच्या निवासी संस्थांसही लागू आहे.

पण त्याच घरांतील एक गोष्ट सांगितल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. बाबांच्या थोरल्या मुलीस सासरीं गाण्यापायीं छळ सोसावा लागला होता. म्हणून धाकट्या मुलीस, म्हणजे अन्नपूर्णादेवींस (जन्म १९२७), गाणें शिकवावयाचें नाहीं असें त्यांनीं ठरविलें. भाऊ रियाज करी व ही घरकाम करतां करतां ऐके. एके दिवशीं भाऊ चुकला, तेव्हां तिनें स्वतः गाऊन त्यास चूक दाखविली, आणि बाप दारांत उभा होता. त्या दिवसापासून तिची तालीम सुरू झाली. तिची निवड कोणीं केली नव्हती; उलट तिला मुद्दाम वगळलें होतें. केवळ ती त्या छपराखालीं होती म्हणून तें गाणें तिच्या कानीं गेलें. पुढें त्या मुंबईस राहिल्या. त्यांनीं सभेंत वाजविणें सोडलें, पण २०१८ सालीं निधन होईपर्यंत घरीं विद्या दिली. अलाहाबादच्या एका पहिलवानाचे पुत्र हरिप्रसाद चौरसिया त्यांच्याचकडे शिकले, आणि २००६ सालीं त्यांनीं मुंबईंत वृंदावन गुरुकुल काढलें, तेथें विद्यार्थ्यांनीं राहून शिकावें अशी व्यवस्था केली. मैहरचें छप्पर तें असें अरबी समुद्रापर्यंत येऊन पोंचलें.

स्वातंत्र्यानंतर संस्थानें गेलीं आणि आश्रयाचें काम सरकारकडे व मोठ्या कंपन्यांकडे आलें. त्याचा सविस्तर वृत्तांत देण्याचें हें स्थळ नव्हे. भोपाळास १९८१ सालीं ध्रुपद केंद्र निघालें व झिया फरीदुद्दीन डागर यांनीं तेथें शिष्यवृत्तीवर आलेल्या तरुणांस शिकविलें. एक मरूं घातलेली गायकी त्यामुळें पुन्हां उभी राहिली. कलकत्त्याच्या संगीत रिसर्च अकादमींत १९७८ पासून गुरु व शिष्य एका आवारांत राहतात. निसार हुसेनखांसारखे वृद्ध उस्ताद तेथें राहावयास गेले, त्यांचें बोट धरून आलेला राशिद नांवाचा पोर पुढें उस्ताद राशिदखां झाला. आमचे उल्हास कशाळकर तेथेंच गुरु म्हणून १९९३ त गेले. या संस्थांनीं मोठें काम केलें आहे. परंतु एक फरक ध्यानांत ठेवावा. येथें प्रवेश मिळतो तो गळा ऐकून, परीक्षा घेऊन. ज्याच्यापाशीं थोडें आहे त्यासच अधिक मिळण्याची ही वाट आहे. मैहरची वाट तिच्या अगदीं उलट होती.

आणि आमच्याच महाराष्ट्रांत आणखी एक बिऱ्हाड आहे, त्याकडे पाहण्याचें आम्ही सहसा टाळतों. पुणें-सोलापूर रस्त्यावर चौफुल्यास, पुढें मोडनिंबास, तिकडे जामखेडास, आणि खुद्द पुण्यांत आर्यभूषण थिएटरांत संगीतबारीच्या पार्ट्या असतात. गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रिया, त्यांचीं मुलें, म्हाताऱ्या मावश्या व वाजविणारे यांचें तेथेंच राहणें, तेथेंच स्वयंपाक, तेथेंच रात्रीची बैठक. रेसिडेन्सी शब्दाचा अर्थ जर कलावंतानें राहून कला करावयाची जागा असा असेल, तर महाराष्ट्रांतील सर्वांत जुन्या रेसिडेन्सी याच. फरक इतकाच कीं, येथें संस्था कलावंतास मानधन देत नाहीं. कलावंतच आपल्या कमाईंतला वांटा थिएटरच्या मालकास देतो. ठुमरीच्या तोडीची बैठकीची लावणी, तिची अदा, तिच्यांतील बोल फिरविण्याची करामत हें सर्व या खोल्यांतून, आईकडून मुलीकडे, मावशीकडून भाचीकडे आलें आहे. वाईच्या यमुनाबाई वाईकर यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०१२ सालीं पद्मश्री मिळाली. त्यांचें गाणें आईपासून सुरू झालें होतें. सन्मानाची शाल या घरांपर्यंत अधूनमधून पोंचते. विष्णुबुवांची नऊ वर्षें किंवा मॅकडॉवेलबाईंची टोपली मात्र पोंचलेली नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या महाविद्यालयांतील एक विद्यार्थिनी अशाच एका रेसिडेन्सीचा अर्ज भरून घेण्यास आमच्याकडे आली होती. आजवर उपेक्षित राहिलेल्या कलावंतांसाठींच ती योजना होती. तीन महिने राहणें, जेवण, मानधन. मुलगी एका बारींत वाढलेली. लहानपणीं बैठकीच्या मागें गोधडीवर पडून तिनें रात्रीं रात्रीं ऐकलेलें गाणें तिच्या गळ्यांत आहे, हें आम्हीं स्वतः ऐकलें आहे. अर्जांत ‘गुरूचें नांव’ असा रकाना होता, ‘घराणें’ असा रकाना होता, आणि ‘आजवरच्या प्रमुख जाहीर कार्यक्रमांची तारीखवार यादी’ मागितली होती. अर्ज तयार करणाऱ्यांचा हेतु वाईट नव्हता. त्यांनीं नेहमींचा अर्ज घेऊन वरचें नांव तेवढें बदललें असावें. तिनें विचारलें, “सर, गुरु म्हणून मावशीचें नांव लिहिलें तर चालेल का?” आम्ही म्हटलें, लिही, दुसरें कोणाचें लिहिणार? घराण्याचा रकाना तिनें कोरा ठेवला. कार्यक्रमांच्या यादींत काय लिहावें हें आम्हां दोघांसही सुचेना. बारींतील बैठकीच्या तारखा कोण लिहून ठेवतो? शेवटीं ‘रोज’ असा एकच शब्द तिनें तेथें लिहिला.

‘कायमचा पत्ता’ या रकान्यापाशीं ती बराच वेळ थांबली. थिएटरचा पत्ता घालावा तर पार्टी पुढच्या महिन्यांत दुसरीकडे जाणार होती. अखेर आमच्या घरचा पत्ता घालून अर्ज धाडला. त्याचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.